क्लॅरिनेटचा दात

"मॅडम, दात झ्याक झालाय. पण सूर गेला की वो!"

शनिवारची सकाळ. क्लिनिक अजून पुरतं उघडलं नव्हतं. दारात इकबालभाई उभे, काखेत क्लॅरिनेटची पेटी. मागे त्यांचा जोडीदार, बासरीवाला संभाजी. त्याचा चेहरा तर मयताला आल्यासारखा. दातासाठी रडत येणारी माणसं मी रोज बघते, सुरासाठी आलेली ही पहिलीच.

इकबालभाई वरातीच्या बँडमध्ये वाढले, पण जीव सगळा रागदारीत. त्यांनी पाच जणांचा गट बांधला होता. क्लॅरिनेट, बासरी, सॅक्सोफोन आणि दोन सनया, सगळी फुंकायची वाद्यं. बैठक मारून यमन, भीमपलास वाजवायचे. कौतुक भरपूर व्हायचं, पोट मात्र वरातींवर. आता पुण्याच्या एका संस्थेनं त्यांना बोलावलं होतं. निवड झाली तर मैफली करायच्या, शिकवायचं आणि महिन्याला पगार. ऑडिशन रविवारी. अट अशी की पाचही जण हवेत, बदली माणूस चालणार नाही.

आणि नेमका त्याच आठवड्यात हा माणूस कोडोलीला मेव्हण्याच्या रानात ऊस खात बसला. वरच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला.

गुरुवारी आले तेव्हाच मी झापलं होतं. "फुंकून पोट भरणाऱ्यानं ऊस दातानं सोलायचा असतो का?"

"मग कशानं सोलायचा मॅडम? कोल्हापूरचा हाय मी."

मी कॉम्पोझिट लावलं. हा दाताच्या रंगाचा मऊ मसाला असतो. हवा तसा आकार द्यायचा आणि निळ्या लाइटनं कडक करायचा. शेजारच्या दाताची कडही झिजलेली दिसली. ते म्हणाले, "त्योबी एकसारखा करून टाका की. पुण्यात फोटोबिटो काढतील." मला पटलं. पुढचे दोन दात एका रेषेत हवेत, असंच आम्हाला कॉलेजात शिकवतात. काम इतकं देखणं झालं की मी स्वतःवरच खूश होते.

"वाजवून दाखवा," मी आता म्हणाले.

"हितं?"

"मग काय खासबाग मैदानात जायचं? वाजवा."

ते पेशंटच्या खुर्चीत ताठ बसले. खालचे सूर ठीक वाजले. वर चढले तसं वाद्य चिरकलं. पुन्हा फुंकलं, पुन्हा चिरकलं, जत्रेतल्या पिपाणीसारखं. ओठांच्या कडेनं हवा फुसफुसत होती.

"उद्या असं वाजलं तर पुण्यात आमचीच वरात निघंल," संभाजी म्हणाला.

इकबालभाई चिडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "माझं ऱ्हाऊ द्या मॅडम. बाकीच्या चौघांनी माझ्या शब्दावर लग्नसराईच्या सुपाऱ्या सोडल्यात."

दात माझ्या हातचा होता.

तोंड तपासलं. हिरडी ठीक, चावताना दात कुठे लागत नाही. आमच्या पुस्तकाप्रमाणे केस पास! मग म्हटलं, आता वाद्यच तपासू. क्लॅरिनेटचं तोंडात धरायचं काळं टोक म्हणजे माउथपीस. त्याच्या खालच्या बाजूला वेताची पातळ पट्टी असते, ती खालच्या ओठावर येते. वरचे दात मात्र थेट माउथपीसवर टेकतात. तिथे दोन खळगे पडले होते. एक सरळ, दुसरा तिरका.

"हे माउथपीस कधीपासून वापरता?"

"उस्तादांनी दिलेलं. लग्नाच्या आधीपासनं."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. इतक्या वर्षांत दातांनी माउथपीस झिजवलं आणि माउथपीसनं दात. ती झिजलेली कड म्हणजे क्लॅरिनेटची बैठक होती आणि ती आम्ही दोघांनी मिळून हौसेनं भरून टाकली होती. आता माउथपीस एका पायानं आखूड असलेल्या स्टुलासारखं डुगडुगत होतं.

आमच्याकडे आर्टिक्युलेटिंग पेपर असतो, कार्बनसारखा निळा. नवा दात कुठे उंच लागतोय ते बघायला पेशंटला तो चावायला देतो. उंच जागी निळा ठिपका उमटतो. मी तो पेपर माउथपीसवर ठेवला आणि म्हणाले, "वाजवताना धरता तसंच धरा."

ठिपका थेट माझ्या नव्या भरणावर. केसभर घासलं. "वाजवा." चिरकलं. पुन्हा पेपर, पुन्हा ठिपका, पुन्हा मशीन. संभाजीनं बासरी काढून शेजारी सा धरला. बाहेर पेशंट जमायला लागले. एक आज्जी दार ढकलून डोकावल्या.

"आत दात उपटत्यात का लगीन लावत्यात?"

"बसा आज्जी, कळेल आता," मी म्हणाले. खरं तर मलाच कळत नव्हतं.

शेजारचा दात मूळ कडेला आला. तुटक्या कोपऱ्यावरचा मसाला पातळ व्हायला लागला. आणखी घासला तर ऐन ऑडिशनमध्ये उडायचा. मी तसं स्पष्ट सांगितलं. "एकदाच घासते. नाही जमलं तर सगळं काढून नव्यानं करावं लागेल, आणि तुमची आजची पुण्याची गाडी चुकेल."

इकबालभाईंनी डोळे मिटले. "घासा."

घासलं. त्यांनी फुंकलं. वरचा सा लागला, स्वच्छ, आणि तिथेच उभा राहिला.

"लागला! आयला, लागला की!" संभाजी ओरडला. बाहेरच्यांनी टाळ्या वाजवल्या, कशाला ते त्यांनाही माहीत नसेल. इकबालभाई काही थांबेनात. वाजवतच सुटले. मी मशीन ठेवून स्टुलावर बसले. गंगेत घोडं न्हालं एकदाचं.

रविवारी दुपारी फोन आला. मागे नुसता कालवा.

"मॅडम, घेतलं! पाचीच्या पाची!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तरी डॉक्टरची खोड कुठे जाते? विचारलंच, "दात कसा दिसतोय?"

"दाताकडं कोण बघतंय मॅडम? समदी डोळं मिटून ऐकत हुती."

आता पुढच्या दाताचं काम आलं की मी आधी धंदा विचारते. शिंपी दातानं दोरा तोडतो, सुतार दातात खिळे धरतो. प्रत्येकाची कड वेगळी झिजलेली असते. ती दिसली की हात आवरते. त्या कडेवर एखाद्याचं घर चालत असतं.