घरचा पीस

पेढ्यांचा बॉक्स घेऊन आलेल्या माणसाला तात्या आधी बॉक्स बाजूला ठेवायला लावत आणि गुणपत्रक मागत. समोर 'नीट' दिलेली मुलगी, मागे मनातल्या मनात हॉस्पिटल बांधून झालेले आईबाप. तात्या चष्मा कपाळावर सरकवून कागद नाकाशी धरत आणि चारपैकी एकच शब्द बोलत. पास म्हणजे सरकारी एमबीबीएस मिळणार. होल्ड म्हणजे काठावर आहे, प्रवेशाच्या शेवटच्या फेरीपर्यंत थांबा. रिवर्क म्हणजे वर्षभर पुन्हा अभ्यास. रिजेक्ट म्हणजे दुसरी वाट धरा.

हे शब्द त्यांनी चाकणच्या कंपनीतून आणले होते. तिथे ते क्वालिटी विभागात होते. गिअरच्या भोकात गेज, म्हणजे मापाची दांडी, घालून पाहायचं. एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. बस, एवढंच. काळेवाडीतली आमची गल्ली त्यांना गेजवाले तात्या म्हणायची. गावाकडच्या पुतण्याला एका क्लासने 'यंदा नक्की' म्हणत तीन वर्षं बसवून ठेवलं, तेव्हापासून तात्या प्रत्येक फेरीच्या याद्या छापून फायलीत लावू लागले. कुठल्या कॉलेजची जागा किती गुणांवर बंद झाली, हे त्यांना तोंडपाठ असे. मी जीवशास्त्र शिकवतो, पण माझे विद्यार्थीही निकाल लागला की माझ्याकडे न येता त्यांच्याकडे जात.

एकदा आम्ही दोघे पिंपळे सौदागरमधल्या एका हॉलात मार्गदर्शन शिबिराला गेलो होतो. गालाला माइक चिकटवलेल्या वक्त्याने दिवे मंद केले आणि सगळ्यांना डोळे मिटून पांढऱ्या कोटात स्वतःला पाहायला सांगितलं. माझ्या पुढच्या रांगेतली एक आई रडूही लागली. तेवढ्यात तात्यांचा आवाज आला, "साहेब, डोळं उघडल्यावर किती मार्क लागतील?" दिवे लवकर लागले.

पण ते कठोर नव्हते. गॅरेजवाल्या सलीमभाईंच्या मुलाला त्यांनी रिजेक्ट म्हटलं आणि भाईंचा चेहरा उतरलेला पाहून लगेच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "भाई, मटेरियल खराब न्हाई. ड्रॉइंग चुकीचं घेतलंय आपण. पोराला इंजिनं आवडत्यात, त्याला दात-हाडं कशाला मोजायला लावता?" भाई म्हणाले, "तात्या, तुम्ही नाही म्हणता तेव्हा निदान झोप तरी लागते."

त्यांची मुलगी सुवर्णा आणि माझी ईशा एकाच वर्षी परीक्षेला बसल्या. प्रवर्ग एकच. सुवर्णाचे गुण ईशापेक्षा दोनने जास्त. कंपनीतला एक नियम तात्या आम्हाला नेहमी ऐकवत: आपल्या हातचा पीस आपण तपासायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा. मी म्हणालो, "तात्या, सुवर्णाचं मी बघतो." ते हसले. "तुमचं गेज मऊ असतंय सर. माजं मी बघतो."

पहिल्या फेरीत ईशाला काहीच मिळालं नाही. सुवर्णाला सरकारी दंत महाविद्यालय मिळालं. आता एक फॉर्म होता. तो भरला की मिळालेली जागा कायम होते आणि पुढच्या फेऱ्यांची दारं बंद. न भरला तर जागा हातात ठेवून एमबीबीएसची वाट पाहता येते. ईशाला तात्या म्हणाले, "होल्ड. शेवटच्या फेरीपत्तूर हलायचं न्हाई." आणि सुवर्णाचा फॉर्म त्यांनी त्याच दिवशी भरून टाकला.

"अहो, तिचे दोन गुण जास्त आहेत," मी म्हणालो.

"म्हनूनच. घरच्या पीसला होल्ड म्हटलं की गल्ली म्हनंल, तात्याचं गेज घरात सैल पडतंय. आन् पोरीला आशेवर टांगून ठेवू व्हय?"

मी वाद वाढवला नाही. ईशाच्या पुढची एक मुलगी कमी झाली, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नव्हता, असं आज मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

त्या वर्षी मध्येच एका नव्या कॉलेजच्या जागा वाढल्या. शेवटच्या फेरीत यादी खाली आली आणि ईशाला एमबीबीएस मिळालं. मी सांगायला गेलो. तात्यांनी यादी दोनदा वाचली, मग आतून सुवर्णाला हाक मारली. "माजी चूक झाली बाळा." ती म्हणाली, "तात्या, चहा टाकू का काकांना?" दुसऱ्या आठवड्यात सगळ्या फायली रद्दीत गेल्या. त्यानंतर कुणी गुणपत्रक घेऊन आलं की ते दारातूनच हात जोडत. "गेज बाद झालंय."

सुवर्णा दंतवैद्य झाली, ताथवड्यात तिने दवाखाना काढला. काम तिला मनापासून आवडे. तिने तसं सांगितलं की तात्या मान डोलावत आणि नंतर मला म्हणत, "समजूत घालती माजी." निवृत्तीनंतर ते रोज दुपारी तिचा डबा घेऊन जात, पण जिन्याखालूनच परत येत. तिच्या खुर्चीत ते कधी बसले नाहीत. मागच्या वर्षी ते एकाच बाजूने चावताना दिसू लागले. खिशात लवंगा असायच्या. मी विचारलं तर म्हणाले, "वय झालं सर." सुवर्णाने विचारलं तर, "पेशंट बसू दे. माजं काय दुखत न्हाई."

दिवाळीनंतर एका सकाळी अंघोळीला उठले आणि मोरीच्या दारातच कोसळले. ईशा सुट्टीवर घरी होती. तिनेच धावत जाऊन नाडी पाहिली आणि तिनेच मान हलवली. गावाकडची माणसं आली. तिरडी उचलण्याआधी चुलत्यांनी सुवर्णाला तोंडात तुळशीचं पान ठेवायला सांगितलं. तिने अंगठ्याने हनुवटी खाली घेतली, सवयीने जरा वाकली, आणि तशीच थांबली. चुलते म्हणाले, "ठेव, पोरी." तिने पान ठेवलं.

संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली.

"खालची दाढ पार गेली होती, काका," ती म्हणाली. "कित्येक महिने ठणकत असेल. वीस मिनिटांचं काम होतं. भूल दिली असती, त्यांना कळलंसुद्धा नसतं."