किल्ल्यावरून आणलेली वाट

जपानातल्या कोबे शहरात एका कापसाच्या पेढीवर मी दोन वर्षं कारकून होतो. सांगवीचा माणूस तिकडं कसा पोचला, तर रागानं. ज्या उन्हाळ्यात गाव सोडलं, त्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, कालव्याच्या पाण्याची आमची पाळी असताना चारीत दगड टाकले आणि सगळं पाणी आपल्या उसाला घेतलं. एकदा नव्हे, लागोपाठ दोन पाळ्या. आमचा ऊस उभा वाळला. जाब विचारायला गेलो, तर तात्या बाजेवरून न उठता म्हणाले, "तुमचा ऊस तसा बी वाळणारच हुता. तुज्या बापाला शेती कुठं येती?" वडील शेजारीच उभे होते. थोरल्या भावापुढं त्यांनी तोंड उघडलं नाही, आणि ते मला आजही पचलेलं नाही.

पेढीतल्या एका म्हाताऱ्या जपानी कारकुनानं सुट्टीच्या दिवशी मला हिमेजीचा किल्ला दाखवायला नेलं. तिथं पूर्वी सामुराई, म्हणजे तिकडचे लढवय्ये सरदार, राहायचे. खंदकात तुडुंब पाणी पाहून मी आधी ते सोडायचं दार कुठं आहे ते शोधू लागलो. बागायतदाराची खोड. म्हातारा हसला. आत बूट काढावे लागत, म्हणून कडाक्याच्या थंडीत नुसत्या मोज्यांनी लाकडी जिने चढलो. भिंतींना बाणांसाठी, बंदुकांसाठी भोकं होती. खाली दगड सोडायच्या जागाही होत्या. प्रत्येक भोकाला मी डोळा लावला आणि प्रत्येक ठिकाणी मला खाली तात्यांचा पटका दिसला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण मनात बसली ती किल्ल्याची वाट. मुख्य इमारत हाकेच्या अंतरावर दिसते आणि वाट मात्र वळते, मागं जाते, मध्येच चक्क खाली उतरते. म्हातारा म्हणाला, "वाट बंद केली तर शत्रू दार फोडतो. वाट दिसली की चालत राहतो." परतीच्या रेल्वेत मी एका पाकिटाच्या पाठीवर आमच्या रानाचा नकाशा काढला.

गावी आलो आणि पहिलं काम तेच केलं. तात्यांच्या उसाच्या गाड्या आमच्या रानातून गुऱ्हाळावर जायच्या. ती वहिवाट मोडता येत नव्हती. मी मोडलीच नाही, नुसती हलवली. बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालून ती बांधाबांधानं फिरवली, ओढ्यात उतरवली, पुन्हा चढवली. पाटील येऊन बघून गेले. "वाट हाय की," म्हणाले. गुऱ्हाळाचा धूर समोर दिसायचा आणि गाडीला पोचायला तिप्पट वेळ लागायचा. तोडलेला ऊस उन्हात सुकू लागला. मी बांधावर बसून बघायचो, भाकरीही तिथंच मागवायचो. मला एवढंच हवं होतं, की तात्यांनी आमच्या दारात यावं आणि वडिलांपुढं हात जोडावेत.

तात्या आले नाहीत. चौथ्या दिवशी पहिली गाडी ओढ्यातून वर आली, तेव्हा कासरा माझ्या वडिलांच्या हातात होता. तात्यांची कंबर धरली होती. ते कळताच वडील, कुणी न बोलावता, पहाटे त्यांच्या रानात गेले होते.

मी गाडीला आडवा गेलो. "आबा, तुमच्यापायीच केलंय ह्ये समदं."

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "बाजूला हो. बैलं चढावर हायती."

दिवसभर त्यांनी खेपा घातल्या, एकही वळण न चुकवता. संध्याकाळी त्यांचे तळहात सोलवटलेले होते. कुंपणाबद्दल ते एक शब्द बोलले असते तर मी ते उपटून टाकलं असतं, असं मी लोकांना सांगतो. ते खरं नाही. हंगाम संपेपर्यंत मी कुंपण काढलं नाही, आणि हंगाम संपेपर्यंत वडील तात्यांची गाडी हाकत राहिले.