शाओताईंनी कापलेली नळी

चीनमधल्या चिंगदेझनच्या आमच्या गल्लीत स्वतःची भट्टी असलेले कुंभार थोडेच. बाकीचे आपली कच्ची भांडी फळीवर मांडतात आणि फळी खांद्यावर घेऊन शाओ युफिंग यांच्या गॅसभट्टीवर जातात. माझे चहाचे पेलेही गेली अकरा वर्षं तिथेच भाजले जातात. शाओताईंचे वडील भट्टीत थुंकून ताव ओळखायचे. ताई मात्र यंत्राच्या बाजूच्या.

त्यांच्या भट्टीच्या भिंतीतून एक नळी आत गेलेली असते. तिला आम्ही प्रोब म्हणतो. आत ऑक्सिजन किती उरलाय ते ती आकड्यात सांगते; ऑक्सिजन जितका कमी, तितका आकडा मोठा. निळ्या नक्षीच्या भांड्यांना तो कमीच लागतो, पण फारच कमी झाला की झिलईत काजळी अडकते.

गेल्या वर्षी जुनी नळी गेली म्हणून ताईंनी फांग नावाच्या विक्रेत्याकडून नवी, सीलबंद घेतली. "तीन वर्षं हात लावायचं काम नाही," असं तो छातीठोकपणे म्हणाला होता.

सातव्या भाजणीला आकडा घसरू लागला. याचा अर्थ आत हवा जास्त. हवा कमी करायला ताईंनी चिमणीची झडप आणखी आत सरकवली. झरोक्यातून हातभर पिवळी, धुरकट ज्वाळ बाहेर आली. मी शेजारीच उभा होतो.

"ताई, ज्वाळ फार लांब दिसतेय. आत हवा कमी पडतेय."

"आकडा बघ ना! मला शिकवतोस?"

दोन दिवसांनी दार उघडलं. त्या भाजणीत तोंग आजोबांच्या अकरा बरण्या होत्या. वय चौऱ्याहत्तर, चार महिने बसून रंगवलेली कमळं. सगळी फडक्यासारखी करडी झाली होती. आजोबांनी एका बरणीवरून बोट फिरवलं.

"हात थरथरतो आता. पुन्हा नाही जमायचं," म्हणाले आणि चालते झाले.

शिव्या दिल्या असत्या तर ताईंना सोसलं असतं. त्या दिवशी त्यांनी तीन फळ्या आपटून मोडल्या.

फांगला फोन केला, तर तो म्हणे, "तापल्या भट्टीत घाईनं घुसवली असणार तुम्ही. आणि हो, सील फोडलंत तर हमी संपली."

"घाईनं? बापाच्या मांडीवर बसून भट्टी बघितलीय मी!"

महिनाअखेरीला भट्टीवाल्यांची बैठक होती. फांग तिथे नव्या नळ्या घेऊन आला होता, हसतमुख, सगळ्यांना सिगारेट वाटत. ताई आल्या त्या हातात पकड आणि करवत घेऊन. बिघडलेली नळी टेबलाला आवळली आणि सगळ्यांसमोर कापली.

"अहो, हमी जाईल!" फांग ओरडला.

"जाऊ दे खड्ड्यात. या रे, बघा सगळे!"

आतली चिनी मातीची नळी पोलादी नळकांड्याला दोन्ही टोकांना सिमेंटनं पक्की चिकटवलेली होती. तापलं की पोलाद जास्त वाढतं, माती कमी. मातीच्या नळीला हलायला जागाच नव्हती. मधोमध केसाएवढी भेग पडली होती. तिच्यातून भट्टीचा धूर आतल्या, तुलनेसाठी सोडलेल्या स्वच्छ हवेत मिसळला आणि आकडा खोटं बोलू लागला.

"दोन्हीकडून दावं बांधलंस आणि म्हणतोस, मी घाई केली?"

"कंपनीनं ठरवलेली रचना आहे, मी काय करणार?"

"तू विकणार! आम्ही फुटणार! आणि वर उघडून बघायचं नाही!"

फांग पेटी उचलून गेला. ऐकतो की तो आता दुसऱ्या गावात त्याच नळ्या विकतो.

ताईंनी स्वतःच नळी जुळवली. एक टोक घट्ट, दुसरं भट्टीबाहेर स्प्रिंगवर. चार स्क्रू काढले की मातीची नळी बदलता येते, आकडा बाहेर आणणारी प्लॅटिनमची तार पुन्हा दाबून बसवता येते. आता गल्लीगल्लीतून नळ्या त्यांच्याकडे येतात. दुरुस्त करताना आणणाऱ्याला बोलणी बसतातच: "आकड्याकडे बघतोस, ज्वाळ कोण बघणार? तुझा काका?"

मी एकदा म्हटलं, "चूक फांगची होती, ताई."

"ज्वाळ मी बघितली होती," त्या माझ्यावरच खेकसल्या. "तू सांगितलंही होतंस. त्याची नळी कापली, मला कोण कापणार?"

तोंग आजोबांच्या घरी त्या दोनदा जाऊन आल्या. आजोबांनी चहा दिला, पण बरण्यांचा विषय निघू दिला नाही. लहान वाट्या रंगवतात ते आता, आणि पलीकडच्या चौकातल्या भट्टीत भाजतात. त्या भट्टीची नळी या वसंतात बिघडून ताईंकडेच आली. ताईंनी ती दुरुस्त केली, तीनदा तपासली आणि आणणाऱ्याला दम भरला, "कोणी केली ते म्हाताऱ्याला सांगू नकोस."