टाका न पडलेले दोन फर्मे

मुलांनो, डोळ्यांच्या डॉक्टरांनी बारीक अक्षर बंद करायला सांगितलं आहे, म्हणून दिसतंय तोवर तुमच्या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवते. तुम्ही विचारलंत, "आजी, त्या इंग्रजी कादंबरीची शेवटची पानं सुटी का?" त्याला कारण अकोल्याचे जिल्दसाज, म्हणजे पुस्तकबांधणी करणारे, चाचा. इंग्रजी साहित्य त्यांच्याइतकं समजलेला माणूस मी पाहिला नाही, आणि इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात मोडत असे. अमरावतीला बी.ए. होऊन, लग्नानंतर मी अकोल्यात मुलींच्या शाळेत शिकवत होते. कॉलेजातली ती जुनी कादंबरी खिळखिळी झाली, म्हणून चाचांकडे नेली. आतला मजकूर कळल्याशिवाय सुई उचलायची नाही, हा चाचांचा नियम. पंचांगसुद्धा ते ऐकून घेत, आणि साल वाईट निघालं तर पुठ्ठा काळा लावत. एका वकिलांचं कायद्याचं पुस्तक आठ महिने पडून होतं, कारण वकिलांना ते समजावून सांगता येईना. "अंगात कोन हाय थे मालूम नसन त सदरा कसा शिवू, बाई?" असा त्यांचा सवाल असे. मग दर रविवारी मी सोळा पानांचा एक फर्मा मराठीत सांगे आणि चाचा तेवढाच शिवत. एका रविवारी मी सांगितलं, की पाद्री एका म्हातारीच्या घरी राहायला येतो, जेवतो आणि चिनी मातीच्या बशांची, फुलांची, दिव्यांची तोंड भरून स्तुती करतो. चाचांच्या हातची सुई पडली. "अवो बाई, म्हंजे सैपाक बेकार होता!" आणि हसून हसून ठसका लागला. त्याच पाद्र्याच्या सौजन्यावर परीक्षेत दोन पानं लिहून मी पहिली आले होते. तसं सांगितलं, तर म्हणाले, "तुमाले नाई समजलं, तपासनाऱ्याले नाई समजलं, मंग लिहिनाऱ्यानं बिचाऱ्यानं कोनासाठी लिहिलं?" घरी जाऊन मी पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला बसले. पानोपानी तो लेखक डोळे मिचकावत होता, आणि मी त्याच्या शब्दांचे अर्थ समासात लिहून ठेवले होते.

दोन फर्मे राहिले असताना यांची बदली अमरावतीला झाली. "बुढी त्या पाद्र्याले घरातून काढते का नाई, थे आयकल्याबिगर मी शिवत नाई," असं म्हणून चाचांनी पुस्तक तसंच हाती दिलं. "दिवाळीत येते," मी म्हटलं. अमरावतीहून अकोला ते किती! पण मुलं, आजारपणं, शाळेचे पेपर, यांत तीन दिवाळ्या गेल्या. चौथ्या वर्षी गेले, तर दुकानात सायकली उलट्या टांगलेल्या. मागच्या घरातून त्यांची सून आली. "अब्बा शेवटपर्यंत इचारत होते," ती म्हणाली, "का मास्तरीनबाई आल्या का, त्या पाद्र्याचं काय झालं?"

उंबऱ्यातच उभी राहून मी तिला शेवट सांगितला. तिने नीट ऐकला. हसली मात्र नाही.

त्यानंतर असे पुष्कळ लेखक वाचले. अजूनही एखादी बेमालूम थट्टा सापडली की मान वर करून पाहते, आणि समोर कोणी नसतं.

पुस्तक कपाटात वरच्या फळीवर आहे. अठरा फर्मे चाचांच्या दोऱ्यात घट्ट आहेत. दोन सुटे आहेत.