पिवळ्या कण्हेरीची छाटणी

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. गावी आईला पत्रं लिहायचो, त्यांतही नाही. तुम्हालाच का सांगतोय – ते मलाही नीट कळत नाही.

पंचाहत्तर सालाच्या आसपासची गोष्ट असेल. चौथीत शाळा सुटलेला मी, कोकणातून नागपुरात आलो, आणि एका बाईंनी मला बागकामाला ठेवून घेतलं. मागची खोली दिली, दोन वेळचं ताट दिलं. साहेब कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरीवर, दिवसभर बाहेर, बाग बाईंचीच. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. पण उपकाराच्या घरात माणसाला झोप लागते का? मी सारखा कानोसा घेत असायचो – मला काढायचं तर बोलत नाहीत?

कारण तिथे डोमाजी होते. जुने माळी. दोन माळी कशाला, असं कुणी म्हणेल, या धास्तीत मी जगत होतो.

भिंतीलगत काय लावायचं, असं बाईंनी आम्हा दोघांना विचारलं. मे महिन्यात जळू नये आणि फुलंही हवीत. डोमाजी म्हणाले, मेंदी. मी म्हणालो, पिवळी कण्हेर. गल्लीत बकऱ्या फिरतात, पाला विषारी असतो, असं त्यांनी बजावलं. मला ते माहीत नव्हतं का? होतं. ओल्या पाल्याला जनावर तोंड लावत नाही, असं मी बाईंना ठासून सांगितलं – आणि वाळलेला पाला मात्र ते खातं, हे सांगितलंच नाही.

कण्हेरच लागली.

दोन वर्षांत ती डोक्यावर गेली. मी छाटायला घेतली. आमच्याकडे छाटलेल्या फांद्या गडग्यावर, दगडांच्या कुंपणावर, रचतात, गुरं आत येऊ नयेत म्हणून. हाताला तीच सवय. मी त्या भिंतीवर रचल्या. तीन दिवस छाटणी चालली, तीन दिवस ऊन.

चौथ्या दिवशी पहाटे भिंतीबाहेर शेजारच्या सुमनबाईंची गाभण बकरी मरून पडली होती. तोंडाशी वाळका पाला. कुणी उठायच्या आत मी तो पाला वेचला, भिंतीवरच्या फांद्या ओढल्या आणि खताच्या खड्ड्यात पुरल्या.

सुमनबाई आल्या त्या थेट डोमाजींवर. ही बकरी डोमाजींनी लावलेले गुलाब खायची, आणि ‘हिले एक दिवस औषधच घालतो’, असं ते हसत हसत म्हणायचे.

“गुलाबापायी माही गाभण बकरी मारली काय गा तू?”

डोमाजी म्हणाले, मी नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. एवढंच. दुपारी बाईंनी डोमाजींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

ते आपलं खुरपं घ्यायला मागे आले. मी ताटावर बसत होतो. माझ्या बोटांवर कण्हेरीच्या चिकाचे काळे डाग होते. त्यांनी ते पाहिले – बराच वेळ पाहिले.

“हात धुऊन घे गा. मंग जेव.”

त्यांना कळलं होतं का? मग बोलले काहून नाहीत? बाईंनाही कळलं होतं का? पुढे कितीतरी वर्षं कुणी माझ्या हातांकडे पाहिलं की मी ते पाठीमागे घ्यायचो.

त्या दुपारी मी हात धुतले. मग जेवलो.