सेकारचा सातवा महिना

वागियोनं रानात दुसरी बायको ठेवलीय आणि तिला सातवा महिना लागलाय, ही बातमी गावात पहिल्यांदा कुणी सोडली याबद्दल दोन मतं आहेत. टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकणारी पार्ती म्हणते, तिनं ती विहिरीवर ऐकली. विहिरीवरच्या बायका म्हणतात, पार्तीनंच टेम्पेच्या पुडीबरोबर घरोघर वाटली. काही असो, तीन दिवसांत ती बाई सुंदा मुलखातली असल्याचंही ठरलं आणि तिला एक चांदीचा दात असल्याचंही.

वागियो अठ्ठावन्न वर्षांचा, बोलण्यात कंजूष. सुमात्रातल्या लांपुंगच्या जंगलाला चिकटलेलं आमचं गाव, सगळे मूळचे जावाचे. अकरा वर्षं तो गस्तीच्या तुकडीत होता. जंगलात लावलेले तारांचे फास काढायचे आणि गेंड्याचा माग दिसला तर लिहून आणायचा, हे काम. त्यानं पोत्यानं फास आणले. तीन बोटांचे ठसे पाहिले, झाडाला घासलेला चिखल पाहिला, शेण तर कित्येकदा. गेंडा एकदाही पाहिला नाही. त्याची बायको लास्मी म्हणायची, "तुमचा गेंडा आणि पार्तीची लाज, दोन्ही नुसती ऐकून माहीत."

मग गुडघे गेले आणि त्याला जंगलातल्याच त्या कुंपणात घेतलं, जिथं वंश वाढावा म्हणून चार गेंडे जपून ठेवलेत. त्यातली एक मादी त्याच्याकडे आली; कागदावर तिला नुसता आकडा, सेकार हे नाव त्यानं ठेवलेलं. अंगावर तांबूस राठ केस, नाकावर दोन बुटकी शिंगं. या सुमात्राच्या जातीचे सगळ्या जगात मिळून जेवढे उरलेत, त्याहून जास्त माणसं आमच्या मशिदीत शुक्रवारी असतात. नऊ वर्षं वागियो रोज सकाळी तिच्यासाठी पाला कापत होता.

सेकार दोनदा गाभण राहिली आणि दोन्ही वेळा गर्भ गेला. दुसऱ्या वेळी तर चौथ्याच महिन्यात पेपरात छापून आलं होतं, मोठे साहेब फोटो काढून गेले होते. म्हणून तिसऱ्या वेळी डॉक्टर नास्तितीबाईंनी सगळ्यांकडून वचन घेतलं: वर्ष पुरं होईतो बाहेर एक शब्द जाता कामा नये. वागियोनं दिलं. पुढच्या ईदनंतर तो निवृत्त होणार होता. चौथी वेळ त्याच्या वाट्याला येणार नव्हती, हे पिल्लू जिवंत बाहेर यायला हवं होतं.

सहा महिने सरले तसा तो बाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. बाई त्याला मानानं 'पाक', म्हणजे काका, म्हणत.

"बाई, सातव्याचं करायला हवं."

"पाक वागियो, हिचे पंधरा-सोळा महिने असतात. सात म्हणजे अर्धंसुद्धा नाही."

"ते तुमच्या यंत्राचे. दुआ सातव्यालाच मागतात."

बाईंनी कागद चाळले. "घरी करा. कुणासाठी ते मात्र सांगायचं नाही."

लास्मीला सांगावंच लागलं. सात फळांची तिखटगोड कोशिंबीर, भाताचे सात सुळके, कोवळी पिवळी शहाळी, हे काय पुरुषाच्यानं होतंय?

"माझ्या सातव्याला तुम्ही फास काढत फिरत होतात," लास्मी म्हणाली. "हिच्यासाठी रजा टाकलीत."

"हो."

"तिखट सोसतं का तिला?"

"ती नाही खाणार. शेजारी खातील."

"माहितेय हो. विचारलं आपलं."

घरात गरोदर बाई नाही, लेक लग्न होऊन समुद्रापार, आणि लास्मी सात फळं किसतेय. पार्तीला आणखी काय पाहिजे?

कार्याला दुपारी पुरुष चटयांवर येऊन बसले. दुआ म्हणणारा म्हातारा कासान, त्याची पद्धत अशी की जिच्यासाठी दुआ, तिचं नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं घ्यायचं. त्याशिवाय ते कार्य पोचत नाही.

"नाव काय पोरीचं?"

वागियो घुटमळला. बाईंना दिलेला शब्द एकीकडे, न पोचणारी दुआ दुसरीकडे.

"सेकार."

"आणि पोराच्या बापाचं?"

बाप म्हणजे कुंपणातला नर गेंडा; ते नाव काही वागियोच्या तोंडून निघेना. तो चटईच्या काड्या बघत बसला. कासाननं घसा साफ केला आणि 'वागियोच्या आश्रयातली सेकार' असं म्हणून वेळ निभावली. तिथं बसलेल्या एकालाही मग शंका उरली नाही.

गावात त्याला सगळे 'कांग', म्हणजे दादा, म्हणत. निघताना कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. "कांग, या वयात? आम्हाला जिना चढवत नाही."

पार्ती मागच्या दारानं आत आली. "सवतीचं डोहाळजेवण आपल्या हातानं रांधलंस. छाती आहे गं बाई तुझी."

"मीठ झालं होतं ना बरोबर?" लास्मीनं विचारलं.

सव्वा महिन्यानंतर तपासणी होती. सेकार आडव्या ओंडक्यांमागे उभी होती. ती हलू नये म्हणून वागियो तिला एकेक केळं भरवत होता. बाई तिच्या कुशीवर यंत्र फिरवत होत्या. एरवी त्या मापं मोठ्यानं सांगायच्या. आज सांगत नव्हत्या. केळं संपलं, वागियोनं दुसरं दिलं. बाईंनी यंत्र पुसलं, परत लावलं, परत पुसलं.

"ठोके नाहीत," त्या म्हणाल्या.

"फणी अजून अर्धी आहे," वागियो म्हणाला. त्यानं ती अर्धी फणीही भरवली.

चार दिवसांनी ते बाहेर पडलं. वागियोनं जागा धुतली, पाला आणला, घरी जाऊन जेवला. काय जेवला ते त्याला सांगता आलं नसतं.

पुढच्या आठवड्यात पार्तीनं त्याला रस्त्यात गाठलं. "काय कांग, किती दिवस राहिले?"

"गेलं."

पार्तीनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली. मग तिनं विचारलं, "काय होतं?"

"नर." मग तो म्हणाला, "मुलगा."

दुपारी बायका तांदूळ आणि साखर घेऊन लास्मीकडे आल्या, मयताच्या घरी नेतात तशी. लास्मीनं चहा ठेवला. वचनाला आता काही अर्थ उरला नव्हता, वागियो ओसरीवर होता आणि त्याला सांगता आलं असतं. त्यानं सांगितलं नाही. लास्मीनंही नाही. पार्ती त्याच्यासमोर कप ठेवून म्हणाली, "प्या, कांग. निवतोय." तो प्यायला.

वागियोला दुसरी बायको नव्हती. सेकार ही गेंड्याची मादी होती. तिचं पिल्लू आठव्या महिन्यात पोटातच मेलं. ते दवाखान्याच्या फडताळात काचेच्या बरणीत आहे. सेकार त्यानंतर गाभण राहिली नाही. वागियो ईदनंतर निवृत्त झाला.