कोच म्हणून बाई नकोत

तो अर्ज मी लिहिला. प्राचार्यांच्या नावे, वहीच्या मधल्या जोडपानावर, निळ्या शाईनं. खाली सहा जणांच्या सह्या होत्या. पहिली सही माझी, कारण मी टीमचा कॅप्टन होतो. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि पिपरी मेघेहून रोज सायकलनं ये-जा करत होतो. तेव्हा पिपरीत घरांपेक्षा वावरं जास्त होती.

आमची टीम लांब पल्ल्याच्या धावण्याची. कबड्डीच्या पोरांसारखं आम्हाला कोणी ओळखत नसे. पाहायला तरी कोण येणार? धावणारा एकदा फाटकाबाहेर गेला की तासाभरानंच परत दिसायचा. तरीही ती टीम टिकून होती ती एका माणसामुळं. ते आमचे सर. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक, पण सगळं कॉलेज त्यांना कोच म्हणायचं. सायकलवर बसून ते आमच्या मागं पवनारला धाम नदीच्या पुलापर्यंत येत आणि आमच्यासोबतच परत फिरत. ओरडत कधी नसत. ज्याचा दम तुटायला आला त्याच्या बाजूला सायकल आणून भलतंच काहीतरी विचारायचे, "काय रे, म्हैस व्याली का तुमची?" उत्तर देता देता तो पोरगा पुन्हा लयीत यायचा.

त्या उन्हाळ्यात सरांच्या गालाच्या आत फोड आला. तो बरा होईना. नागपूरला तपासलं तर कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये अर्धा जबडा गेला आणि बोलणंही गेलं. कॉलेज उघडलं तेव्हा सर घरी खाटेवर होते, उशाशी पाटी आणि पेन्सिल.

प्राचार्यांनी मला बोलावलं. रसायनशास्त्राचा सरळ माणूस. खेळातलं त्यांना काही कळत नव्हतं आणि ते तसं कबूलही करायचे. म्हणाले, "नवा कोच नेमायचा आहे. दोघांचे अर्ज आहेत. एक बाई आहेत, मुलींच्या शाळेत शिकवतात. तुमच्या सरांनी पाटीवर त्यांचंच नाव लिहून दिलं. दुसरे आर्वीकडचे आहेत, कबड्डीचे खेळाडू. दोघांनाही पंधरा-पंधरा दिवस टीम घेऊ द्या. धावायचं तुम्हाला आहे, तर तुम्हीच मला लिहून द्या कोण पाहिजे ते."

इतका अधिकार त्याआधी आम्हाला कोणी दिला नव्हता.

बाई आधी आल्या. तिशीच्या असतील. हिंगणीच्या शेतकरी घरातल्या. कॉलेजात असताना सरांच्याच हाताखाली धावलेल्या. पांढरा सलवार-कमीज, ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली, पायात कॅनव्हासचे बूट. सायकल नाही, शिट्टी नाही. त्या आमच्यासोबत धावल्या. "आज हळू. बोलता बोलता धावता आलं पाहिजे," म्हणाल्या. धावणं संपलं की एकेकाला विचारून वहीत लिहायच्या: झोप किती झाली, काय खाल्लं, कुठं दुखतं. आम्ही चेष्टेनं उत्तरं द्यायचो. त्या तीही लिहून घ्यायच्या.

पवनारच्या रस्त्यावर एक चहाची टपरी होती. तिसऱ्या दिवशी तिथला एक जण ओरडला, "अबे पाहा, बाई पुढं अन् पोट्टे मागं! वरात कोणाची आहे बे?" टपरीवरचे सगळे हसले. बाईंनी मान वळवली नाही. माझे कान मात्र तापले. घरी गेलो तर चुलते दारातच उभे. "तुमच्या कॉलेजातले माणसं सरले का रे? बाईच्या मागं पळून राह्यले म्हणते तुम्ही."

दुसऱ्या दिवसापासून टपरी जवळ आली की मी जरा मागं राहायला लागलो.

आमच्यात सगळ्यात वेगवान होता तो जाम गावचा पोरगा. आम्ही त्याला जामवालाच म्हणायचो. उंच, हडकुळा. घरचे भाजीपाला पिकवायचे आणि त्याची आई जामच्या फाट्यावर, जिथं ट्रक थांबतात तिथं, भाजी घेऊन बसायची. वर्ध्यात तो एका खोलीत भाड्यानं राहायचा. चांगला दिवस असला की त्याच्या जवळपास कोणी नसायचं. पण मधूनच चार-आठ दिवस गायब. विचारलं तर म्हणायचा, "पाय दुखून राह्यले होते." आम्ही त्याला आळशी समजायचो.

आठव्या दिवशी बाईंनी त्याला कडुलिंबाखाली बसवलं आणि त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. मी शेजारीच होतो.

"दुखतं ते मांस दुखतं की हाडं?"

तो नडगी दाबत राहिला.

"लहानपणापासून?"

"थंडीत जास्त दुखते," तो म्हणाला.

"उद्यापासून धावायचं नाही. आधी मोठ्या दवाखान्यात रक्त तपासायचं. मी येते सोबत."

"मले काही नाई झालं, बाई."

"मंग तपासाले काय होते?" पहिल्यांदाच त्या आमच्यासारखं बोलल्या. मग माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "हिंगणीले माझा भाऊ असाच होता. डोळे पिवळे, हाडं दुखायची."

'होता' हा शब्द मी ऐकला. पुढं काय झालं ते विचारलं नाही.

जामवाला दवाखान्यात गेला नाही. बाईंनी त्याला उरलेले दिवस काही धावू दिलं नाही. तो मैदानाच्या कडेला बसून राहायचा आणि आम्ही परत आलो की पाठ फिरवायचा.

मग आर्वीकडचे कोच आले. रुंद छाती, राजदूत मोटरसायकल, गळ्यात शिट्टी. "चला माझ्या वाघांनो!" म्हणत ते मोटरसायकलवरून आमच्यापुढं जायचे. टपरीवरचे लोक आता हात हलवायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी जामवाल्याच्या पाठीवर थाप मारली. "डिसेंबरात नागपूरच्या शर्यतीत हा आपला घोडा!" धावताना पाणी प्यायला मात्र बंदी. पाणी प्यालं की पोट जड होतं, असं ते म्हणायचे. तेव्हा सगळेच तसं मानायचे. माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नंतर लोकांनी सगळं त्यांच्यावर ढकललं.

पंधरा दिवस संपले त्या दुपारी मी जामवाल्याच्या खोलीवर गेलो. अर्ज लिहायचा होता. तो खाली चटईवर बसला होता.

"बाई आल्या तर मी संपलो," तो म्हणाला. "धावलो नाई तर पोलीस भरतीत कोण घेईन मले? मले हे एकच येते रे. बाकी काय येते सांग?"

"पण तपासून तर घे एकदा."

"अन् निघालं काही तर?"

मी वही उघडली. आज स्वतःला विचारतो तेव्हा नेमकं सांगता येत नाही, की तो अर्ज मी त्याच्यासाठी लिहिला की टपरीवरच्या हसण्यासाठी. दोन्ही कारणं एकाच दिशेला ओढत होती, म्हणून हात अडखळला नाही. मी लिहिलं: बाईंविषयी आम्हाला आदर आहे, परंतु मुलांच्या संघास पुरुष प्रशिक्षक असणे सोयीचे होईल. रक्ताबद्दल एक शब्द लिहिला नाही.

प्राचार्यांनी अर्ज दोनदा वाचला. "बाईंचं काही चुकलं का?"

"नाही, सर."

"मग?"

"बरं दिसत नाही, सर."

"बरं दिसत नाही," ते हळूच म्हणाले आणि कागद फाइलीत लावला. मला वाटलं होतं ते थोडे भांडतील. भांडले नाहीत. सहा मुलांनी लिहून दिलं होतं, आणि त्यांनी शब्द दिला होता.

बाई आपली वही न्यायला आल्या तेव्हा मैदानात मी एकटाच सापडलो. काय झालं ते त्यांना कळलेलं होतं. "माझं जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "त्याचं रक्त तेवढं तपासून घ्या." मी हो म्हटलं. त्या गेल्यावर मला एवढं सुटल्यासारखं वाटलं, की मी शीळ घालत घरी गेलो.

दिवाळीच्या थोडं आधी सरांना भेटायला गेलो. चेहऱ्याला पंचा गुंडाळलेला, डोळे तेवढे उघडे. त्यांनी पाटीवर लिहिलं, "टीम?"

"चांगली चालली आहे, सर."

बोटानं पुसून त्यांनी पुन्हा लिहिलं, "जाम. रक्त?"

म्हणजे बाई इथं येऊन गेल्या होत्या. सर माझ्याकडं बघत होते. सरांच्या बायको पाणी घेऊन दारात उभ्या होत्या.

"तपासलं, सर," मी म्हणालो. "काही निघालं नाही."

त्यांनी डोळे मिटले आणि माझा हात थोपटला. त्यांना बरं वाटलं असावं. पंधरा दिवसांत ते गेले. स्मशानात बाई दूर, बायकांच्या घोळक्यात नव्हे तर एकट्याच, रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या.

डिसेंबरात आम्ही नागपूरला गेलो. एस.टी.त जामवाला मांड्या चोळत बसला होता. कोचनी त्याला बाम दिला. सकाळी शर्यतीच्या वेळी बोटं वाकत नव्हती इतकी थंडी. निघाल्याबरोबर जामवाला पुढं गेला आणि बराच वेळ दिसेनासा झाला. मला आनंद झाला. मग एका वळणानंतर तो रस्त्याच्या कडेला उभा दिसला, दोन्ही हात मांड्यांवर, ओठ राखेच्या रंगाचे. मी थांबायला लागलो.

"तू जा," तो म्हणाला.

आणि मी गेलो. शर्यत पुरी केली. मधेच कुठंतरी नंबर आला, जो कोणी लिहूनही घेतला नाही. जामवाल्याला जीपमधून आणलं. जीप फाटकातून आत येण्याआधीच त्याचं ओरडणं आम्हाला ऐकू आलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी समजावलं. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात. जन्माचं दुखणं. इकडं विदर्भात पुष्कळांना असतं. त्याला त्यातल्या त्यात सौम्य होतं म्हणूनच तो इतके दिवस धावू शकला. थंडी, कष्ट, पाणी नाही, सगळं एकदम झालं. शेवटी त्यांनी विचारलं, "आधी कोणालाच शंका आली नव्हती का?"

"नाही, साहेब," कोच म्हणाले. ते खरं बोलत होते. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही पाच जण तिथं उभे होतो. पाचही जण फरशीकडं बघत होतो.

दुपारी त्याची आई आली, एका ओळखीच्या ट्रकमध्ये बसून. तिनं कोणाला काही विचारलं नाही. पोराचे तळवे मांडीवर घेऊन चोळत बसली.

तो वाचला. पण त्या दुखण्यानंतर डाव्या खुब्याचं हाड रक्तावाचून झिजत गेलं आणि वर्षभरात तो कुबडीवर आला. पोलीस भरतीचं नाव पुन्हा निघालं नाही. कोच महिनाभर मैदानावर येऊन बसायचे, पण शिट्टी वाजवत नसत. उन्हाळ्यात ते आपल्या गावाजवळच्या शाळेत निघून गेले. टीममध्ये मी आणि आणखी एक जण उरलो. दोघांची टीम होत नाही.

पुढं मला त्याच कॉलेजच्या कार्यालयात कारकुनाची नोकरी लागली. जामला मी जायचो, आधी महिन्यातून एकदा, मग सणावारी. तो फाट्यावर आईच्या जागी बसायला लागला होता. एकदा वांगी टोपलीत रचता रचता म्हणाला, "तू काऊन इतका तोंड पाडून बसतं? मीच म्हणलं होतं न तुले." माझ्यावर राग काढ, शिवी दे, असं मी त्याला म्हणू शकलो नाही. खाटेवरच्या सरांना मी काय सांगितलं तेही सांगितलं नाही. त्यानंतर माझं जाणं कमी झालं.

काही वर्षांनी, त्याच दशकाच्या शेवटाकडं, कॉलेजला पुन्हा धावण्याची टीम काढायची लहर आली. प्राचार्य नवे होते. मी होऊन बाईंचं नाव सुचवलं आणि शाळेत जाऊन त्यांना भेटलो. मधली सुट्टी होती. केसांत पांढऱ्या बटा दिसत होत्या, बूट तसलेच. मी सगळं सांगितलं. अर्ज, टपरी, सरांची पाटी.

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सर गेले तेव्हा मीही समजूत घातली होती स्वतःची, की तपासलंच असेल. जामला जाणाऱ्या गाड्या काय कमी होत्या? जाऊन त्याच्या मायले सांगू शकत होती मी. पण तुम्ही सह्या केल्या होत्या. मले राग आला होता. म्हटलं, मरू द्या तिकडे." शेवटचे शब्द बोलून त्या थांबल्या. "माझा भाऊ कसा गेला ते मी पाह्यलं होतं. तुम्ही नव्हतं पाह्यलं."

मी विचारलं, आता तरी याल का?

"नाही," त्या म्हणाल्या. "आता कोण्या पोराच्या डोळ्यात पाहाले सांगू नका मले."

घंटा झाली, मुली रांगेत उभ्या राहिल्या आणि बाई त्यांच्याकडं गेल्या. मी ऑफिसात येऊन टिपण लिहिलं: उमेदवार उपलब्ध नाही. त्या जागेसाठी मग कोणाचाच अर्ज आला नाही. पुढच्या वर्षी ती जागाच रद्द झाली. त्याचाही कागद मीच टाइप केला.